न थकणाऱ्या हेराची साठी

‘साठी बुद्धी नाठी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. साठ वर्षे पुरी झाली की घरात षष्ट्यब्दीपूर्तीचा समारंभ होतो, होमहवन होते, सुना-नातवंडे औक्षण करतात आणि उत्सवमूर्तीला आता स्वस्थ बसण्याची सूचनाही गोड शब्दांत केली जाते. परंतु ५ ऑक्टोबर २०२२ रोजी अशा एका गृहस्थाची साठी साजरी झाली की, ज्याला म्हातारपण म्हणजे काय हे ठाऊकच नाही. हे गृहस्थ म्हणजे इंग्रजी चित्रपटांतील गुप्तहेर जेम्स बाँड ऊर्फ शून्य-शून्य-सात!

इतिहासाच्या तासाला बहिर्जी नाइकांचा विषय निघाला असता आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारले, “सर, जेम्स बाँड म्हातारा का हो होत नाही?” वर्गात हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. तास संपल्याची घंटा झाली म्हणून त्या वेळी आमची सुटका झाली. उत्तर मात्र आम्हांला देणे राहिले. ते येथे देण्याचे योजिले आहे.

या हेराचा जन्म प्रथम कागदावर झाला. इयन फ्लेमिंग नावाचे इंग्रज लेखक दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराच्या गुप्तवार्ता विभागात काम करीत होते. युद्धानंतर जमैका बेटावरील आपल्या घरी बसून त्यांनी एक कादंबरी लिहिली; ती १९५३ साली प्रसिद्ध झाली. नायकाला अगदी साधे, सपक नाव हवे होते. त्यांच्या संग्रही वेस्ट इंडीजमधील पक्ष्यांवरचे एक पुस्तक होते, त्याच्या लेखकाचे नाव होते जेम्स बाँड. पाखरांमागे दुर्बीण घेऊन हिंडणाऱ्या एका निरुपद्रवी पक्षिशास्त्रज्ञाचे नाव अशा रीतीने पिस्तूलधारी हेराला मिळाले! ५ ऑक्टोबर १९६२ रोजी लंडनमध्ये ‘डॉक्टर नो’ हा पहिला चित्रपट झळकला. साठी मोजली जाते ती त्या दिवसापासून. फ्लेमिंग यांना मात्र हे वैभव फार काळ पाहता आले नाही. १९६४ च्या ऑगस्टमध्ये ते वारले आणि तिसरा चित्रपट त्यानंतर महिन्याभराने लोकांपुढे आला. निर्माता गेला, निर्मिती चालू राहिली.

पुढील टप्पे मुलांना तोंडपाठ असतात; पालकांसाठी थोडक्यात सांगतो. दहावा चित्रपट १९७७ साली आला. १९८३ साली तेरावा आला, आणि त्यासाठी बाँडसाहेब थेट आपल्या उदेपुरास आले. पिछोला तलावातील महाल आणि डोंगरमाथ्यावरचा सज्जनगड त्यात दिसतो. कबीर बेदी आणि टेनिसपटू विजय अमृतराज त्यात काम करतात. १९८७ साली पंचविशी झाली. १९८९ नंतर मालकीहक्कांच्या भांडणापायी सहा वर्षे एकही चित्रपट निघाला नाही आणि हा हेर संपला असे पुष्कळांना वाटले. पण १९९५ साली तो परत आला. २००२ साली चाळिशीला विसावा चित्रपट निघाला आणि त्यात जुन्या चित्रपटांच्या खुणा जागोजाग पेरलेल्या होत्या. २०१२ साली सुवर्णमहोत्सव झाला व ५ ऑक्टोबर हा जेम्स बाँड दिन ठरला. महामारीमुळे रखडलेला पंचविसावा चित्रपट २०२१ साली आला.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. बाँड म्हातारा होत नाही, कारण म्हातारे होण्याचे काम त्याने दुसऱ्यांवर सोपविले आहे. या पंचवीस चित्रपटांत सहा नटांनी ती भूमिका केली. शॉन कॉनरी यांनी सहा, जॉर्ज लेझनबी यांनी एक, रॉजर मूर यांनी सात, टिमथी डाल्टन यांनी दोन, पिअर्स ब्रॉस्नन यांनी चार आणि डॅनियल क्रेग यांनी पाच चित्रपट केले. एकाची उमेद ओसरली की दुसरा त्याच्या कोटात शिरतो. बाँड हा माणूस नसून एक पद आहे, आणि पदाला सुरकुत्या पडत नाहीत. शाळेचेही असेच नाही का? शिक्षक निवृत्त होतात, विद्यार्थी दरवर्षी बाहेर पडतात. पण दहावीचा वर्ग सदैव पंधरा वर्षांचाच राहतो!

तरीही या मालिकेत एक माणूस खरोखर म्हातारा झाला, आणि आमचे मन त्याच्याकडेच ओढ घेते. डेस्मंड लेवेलिन हे नट हेराला नवनवीन यंत्रे देणाऱ्या तंत्रज्ञाची भूमिका करीत. १९६३ पासून १९९९ पर्यंत सतरा चित्रपटांत ते दिसले. पाच बाँड त्यांच्यासमोर आले नि गेले. दर वेळी त्यांनी मोठ्या काळजीने उपकरण हाती द्यावे आणि त्या उनाडाने ते मोडून आणावे! दुरुस्तीला आलेली प्रयोगशाळेतील उपकरणे पाहताना आमच्या विज्ञानशिक्षकांच्या मुद्रेवर तोच भाव आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. शेवटच्या चित्रपटात त्या वृद्ध तंत्रज्ञाने बाँडचा निरोप घेतला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मोटारअपघातात लेवेलिन यांचा अंत झाला.

पण पडद्यावरील हेराचे वाढदिवस मोजताना आम्हांला आमच्या गोव्याची एक रात्र विसरता येत नाही. १९४३ साली दुसरे महायुद्ध चालू होते. पोर्तुगीज अमलाखालील गोवा तटस्थ होता. मुरगाव बंदरात तीन जर्मन व एक इटालियन अशी चार जहाजे आश्रयाला होती. त्यांपैकी ‘एरनफेल्स’ या जहाजावरील गुप्त बिनतारी यंत्रावरून पाणबुड्यांना बातम्या जातात, अशी ब्रिटिशांची समजूत होती. तटस्थ बंदरात फौज धाडणे शक्य नव्हते. म्हणून कलकत्त्याच्या कॅलकटा लाइट हॉर्स या हौशी पथकातील माणसे निवडण्यात आली. एरवी व्यापारी कचेऱ्यांत बसणारे हे गृहस्थ. त्यांतील कित्येकांचे तारुण्यही सरलेले. ‘फीबी’ नावाच्या, गाळ वाहणाऱ्या संथ बोटीतून ते आले आणि ९ मार्चच्या पहाटेपूर्वी ‘एरनफेल्स’वर चढले. जहाजाच्या कप्तानासह काही खलाशी प्राणास मुकले. ते पाहून उरलेल्या जहाजांवरील लोकांनी आपापली जहाजे आपल्याच हातांनी पेटवून बुडविली.

आमचे आजोबा त्या वेळी तेरा वर्षांचे होते. बंदरापलीकडच्या गावातून त्यांनी लाल झालेले आभाळ पाहिले. “दर्यांत उजो पेटला”, एवढेच घरातील वडीलधारे म्हणाले आणि मुलांना आत घेऊन त्यांनी दार लावले. आग का लागली, हे आजोबांना पुढे पस्तीस वर्षे कळले नाही. छापा घालणारांनी मौन पाळले होते. १९७८ साली जेम्स लीझर यांचे पुस्तक आले, आणि १९८० साली त्यावरून ‘द सी वूल्व्ज’ हा चित्रपट निघाला. गंमत अशी की, त्यात काम करण्यास गोव्यात आले ते रॉजर मूर, म्हणजे त्या काळचे खुद्द जेम्स बाँडच! आजोबांनी तो चित्रपट पाहिला. आम्ही लहानपणी “कसा होता?” म्हणून विचारले, तेव्हा ते म्हणाले, “सिनेमात मेलेले उठून चहा पितात रे. त्या रात्रीचे कोणी उठले नाहीत.”

विद्यार्थिमित्रांनो, आमचे उत्तर याच वाक्यात आहे. २०२१ च्या चित्रपटात प्रथमच नायक मरण पावला; तरी अखेरीस तो परत येणार असल्याची ग्वाही पडद्यावर उमटलीच. २०२५ साली पुढील चित्रपटासाठी दिग्दर्शक म्हणून दनी व्हिलनव्ह यांची निवडही जाहीर झाली. असा नायक म्हातारा कशाला होईल? खऱ्या माणसाला अशी ग्वाही मिळत नाही. सुरतेची खबर महाराजांना आणणाऱ्या बहिर्जींची जन्मतिथी आपल्याला ठाऊक नाही, म्हणून त्यांची जयंती आपण करू शकत नाही. मुरगावात मेलेल्या खलाशांसाठी आणि बंदराकाठी भेदरून जागलेल्या मुलांसाठी ९ मार्चला कोणी दिवा लावत नाही.

आपल्या इंदूरने २०२५ साली देवी अहिल्याबाईंची त्रिशताब्दी साजरी केली. तीनशे वर्षांनंतरही लोकांनी ती तिथी जपली, कारण त्यांनी बांधलेल्या घाटांच्या पायऱ्या आजही पायांखाली आहेत. बाँडचा चित्रपट आला तर अवश्य पाहा. करमणुकीला आमची ना नाही. मात्र घरी आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या आयुष्यातील एखादी तारीख विचारून वहीत टिपून ठेवा. बाँडच्या तारखा राखायला पुष्कळ लोक आहेत. या तारखा राखायला तुमच्यावाचून कोणी नाही.