इम्रानचा चेहरा

अब्बांनी जपलेली इब्ने सफींची ‘इम्रान सीरिज’ आजही आमच्या कपाटात आहे. गेल्या ईदला भाच्यानं त्यातलं एक पुस्तक काढलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "मामू, इसपे पिक्चर है क्या?" तो इंग्रजी माध्यमात शिकतो. उर्दू बोलतो, वाचता येत नाही. उर्दू शिकवणाऱ्या मामाच्या घरातली ही गोष्ट.

पिक्चर आहे. 1974 मध्ये पाकिस्तानात ‘धमाका’ आला, ‘बेबाकों की तलाश’ या कादंबरीवरून. जावेद शेख यांचा तो पहिला चित्रपट. पण गंमत अशी की त्यात इम्रानचे साथीदार दिसतात, इम्रान दिसतच नाही! त्यांचा प्रमुख ‘एक्स-टू’ फक्त ऐकू येतो आणि तो आवाज खुद्द इब्ने सफींचा.

मला यात शहाणपण वाटतं. इम्रान वरकरणी बावळट. त्याच्या उलटसुलट बोलण्याला सगळे वैतागतात. तोच एक्स-टू आहे, हे साथीदारांना माहीत नाही, वाचकाला माहीत आहे. कागदावर हे सोपं. फोनवरचा आवाज बदलला एवढं लिहिलं की झालं. पडद्यावर मात्र एकच चेहरा दोन माणसं म्हणून पटवावा लागतो.

व्योमकेश बक्षीचंही तसंच. ‘सत्यान्वेषी’ या कथेत तो अतुल या खोट्या नावानं मेसमध्ये राहायला येतो. वाचणाऱ्याला शंका येत नाही. 1993 ची बासू चटर्जींची दूरदर्शन मालिका मला फार आवडते, पण रजित कपूर हेच व्योमकेश हे ठाऊक असलेल्याला अतुल फसवू शकत नाही. नाव बदलता येतं, चेहरा नाही.

माझा इम्रान उंच आहे, अब्बांचा बुटका होता. त्यावरून आमचे वाद व्हायचे. पिक्चरमध्ये दिसला असता तर ते वाद तिथेच संपले असते.

भाच्याला मी पुस्तक वाचून दाखवायला घेतलं. ऐन रंगात आल्यावर थांबलो. "आगे?" तो म्हणाला.

"आगे खुद पढ."

रुसला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आला. अलिफ, बे, पे झालं आहे. ‘इम्रान’मधला ऐन अजून वाकडा येतो.