टाकण्यापूर्वी जरा थांबा

आम्ही कारकून माणूस. बी.कॉम. झालो आणि निम्मे आयुष्य फायलींच्या ढिगात गेले. रद्दी कोणती आणि रेकॉर्ड कोणते, हे आम्हाला कुणी शिकवू नये, असा आमचा समज होता. तो गेल्या वर्षी उतरला.

वस्तीतल्या अभ्यासिकेतर्फे आम्ही वयस्कर मंडळींच्या आठवणी लिहून घेतो. हे लिखाण 'गिट'मध्ये ठेवायला आमच्या पुतणीने शिकवले. हा प्रोग्राम लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली लिनक्सच्या कामासाठी तयार केला. त्यात नोंदवलेली प्रत्येक प्रत तारखेसह राहते. चुकले तर मागे जाता येते. मूळ लिखाणाला धक्का न लावता वेगळी फांदीही काढता येते. तिला 'ब्रँच' म्हणतात.

अभ्यासिकेचा संगणक जुना, त्याची डिस्क भरत आली. एका ब्रँचमध्ये स्कॅन केलेल्या फोटोंचा भरणा होता, म्हणून ती आम्ही काढून टाकली. साफसफाईची 'गिट जीसी' ही आज्ञाही दिली. पण जागा काही मोकळी होईना! अकरा दिवसांनी चिडून पुतणीला फोन केला, "सगळे एकदम साफ करायची आज्ञा सांग." ती म्हणाली, "काका, त्या ब्रँचमध्ये नुसते फोटोच होते ना? आधी बघून घ्या."

आम्ही आठवू लागलो आणि घाम फुटला. फोटोंबरोबर टाईप केलेल्या सहा आठवणी त्यातच होत्या, मूळ ब्रँचमध्ये आणायच्या राहिलेल्या. त्यातली एक 1972 च्या दुष्काळात खडी फोडून, सुकडीवर लेकरे जगवलेल्या आजींची. आजी दोन महिन्यांपूर्वी गेल्या. लिहून घेतलेली वही पावसात भिजून गेली होती. आता विचारणार कुणाला?

पुतणीने 'रिफलॉग' उघडायला लावला. आपल्या कचेरीत आवक-जावक बारनिशी असते ना, तसाच हा प्रकार. आपण कधी कोणत्या प्रतीवर होतो, याची नोंद त्यात असते. साधी नोंद 90 दिवस राहते. ब्रँचपासून तुटलेल्या कामाची 30 दिवस. तोवर 'जीसी' त्या मजकुराला हात लावत नाही. पुढेही, कुणीच बोट न दाखवणारा मजकूर दोन आठवड्यांहून जुना असेल तरच जातो. जागा मोकळी होत नव्हती ती याचमुळे! आमच्या मनासारखी सक्तीची सफाई झाली असती, तर आजींचे शब्द कायमचे गेले असते.

नोंदीतला क्रमांक देऊन ब्रँच पुन्हा उभी केली. आठवणी मूळ ब्रँचमध्ये आणल्या, फोटो पेनड्राइव्हवर घेतले आणि मग ती ब्रँच काढली. या वेळी घाई केली नाही. दोन महिन्यांनी 'जीसी' दिली, जागा आपोआप सुटली.

वाचकांपैकी जे असे काम करतात त्यांना दोन गोष्टी सांगतो. रिफलॉग त्या एकाच संगणकावर असतो. दुसरीकडे नक्कल घेतली तर तो सोबत येत नाही. म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. जे जपायचे त्याला ब्रँचचे किंवा 'टॅग'चे नाव द्या. नाव असलेली गोष्ट 'जीसी' टाकत नाही.

कचेरीत 'अ' वर्गाची कागदपत्रे कायम ठेवतात. आजींची आठवण कोणत्या वर्गातली, हे यंत्राला कसे कळावे? ते आपणच ठरवायचे, आणि वेळेवर.