पेंग्विनची आईसुद्धा ड्यूटीला जाते

लहान मुलांसाठी दोन-तीन मिनिटांचे माहितीचे व्हिडिओ असतात ना? ‘पाऊस कसा पडतो’, ‘आपले दात’, ‘माझी आई’ असे? तुमच्याही घरी लागत असतील. त्यातले काही मी लिहिते. चित्रं दुसरं कुणी काढतं, आवाज तिसऱ्याचा असतो, शब्द माझे. बी.ए. इंग्लिश करताना बेडूक आणि ग्रहांवर लिहीन असं वाटलं नव्हतं, पण काम मनापासून आवडतं.

आम्ही बडोद्याला राहतो. घरात आई, दादा, वहिनी, मी आणि सात वर्षांचा भाचा. वहिनी नर्स आहे. आठवड्यातल्या दोन-तीन रात्री तिची नाइट ड्यूटी असते.

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मदर्स डे येतो, म्हणून मला ‘माझी आई’ या विषयावर दोन मिनिटांचा व्हिडिओ लिहायचा होता. अर्ध्या तासात लिहून झाला. आई सगळ्यांत आधी उठते. गरम पोळ्या करते. डबा भरते. रात्री गोष्ट सांगून झोपवते. एकही दुरुस्ती न होता तो मंजूर झाला, याचा मला आनंदच झाला होता.

व्हिडिओ तयार झाल्यावर पहिला प्रेक्षक अर्थातच भाचा. त्याने शांतपणे पाहिला आणि विचारलं, “आत्या, या आईला नाइट नसते का?”

“नसेल रे.”

“मग माझी आई कमी आई आहे का?”

वहिनी तेव्हा दाराशी चपला घालत होती. तिने ऐकलं. “पोळ्या झाकून ठेवल्यात,” एवढंच म्हणाली आणि निघाली. खाली स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. मी त्याला “नाही रे सोन्या” म्हणून जवळ घेतलं, पण ते उत्तर नव्हतं, हे मलाही कळत होतं.

त्या रात्री स्क्रिप्ट पुन्हा वाचलं. त्यात खोटं असं काहीच नव्हतं. पण माझी स्वतःची आई तरी तशी कुठे होती? ती शाळेत शिकवायची, सकाळी सातला घराबाहेर पडायची, आमचे डबे बाबा भरायचे. मग मी लिहिलेली आई आली कुठून? दुसऱ्या व्हिडिओंमधून. माझ्या डोळ्यांसमोर दोन आया होत्या आणि मी तिसरीच लिहून मोकळी झाले होते.

पुढच्या रविवारी भाच्याने पेंग्विनचा व्हिडिओ लावला. तोही मीच लिहिलेला. एम्परर पेंग्विनची मादी अंटार्क्टिकाच्या थंडीत, मे-जूनच्या सुमारास एकच अंडं घालते. ते नराच्या पायांवर सोपवते. इथे मी व्हिडिओ थांबवला.

“आता आई कुठे गेली असेल?”

“बाजारात?”

पुढे पाहिलं. आई समुद्राकडे जाते, खाऊन-पिऊन पोटात पिल्लासाठी अन्न घेऊन परत येते. तोवर साधारण दोन महिने बाबा अंडं पायांवर घेऊन, काहीही न खाता बर्फात उभा असतो.

भाचा सोफ्यावर उभाच राहिला. “म्हणजे पेंग्विनची आईपण ड्यूटीला जाते!”

दादा स्वयंपाकघरातून ओरडला, “आणि पेंग्विनचा बाबा उपाशी राहतो! मी निदान पोहे तरी खातो.”

वहिनी रात्रपाळी करून आत झोपली होती. ती उठेपर्यंत भाच्याने दाराबाहेर तीन फेऱ्या मारल्या. मग चहा पिणाऱ्या आईसमोर बसून त्याने विचारलं, “तू रात्री काय करतेस?”

आपण हे तिला कधीच विचारलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ती म्हणाली, “सलाइन बदलते, ताप बघते. काल एका आजींना झोप येत नव्हती, तर त्यांच्याशी बोलत बसले.”

“झोपल्या का?”

“हो.”

“मग तू त्यांना झोपवलंस. मला झोपवतेस तसं.”

वहिनी काही बोलली नाही, फक्त त्याच्या केसांतून हात फिरवला. नंतर भांडी विसळताना मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “अगं, तुझा व्हिडिओ वाईट नव्हता. त्यात मी नव्हते, एवढंच.”

तेव्हापासून आमच्याकडे व्हिडिओ असा लागतो: कुणीतरी मोठं माणूस शेजारी बसतं, मध्ये एकदा थांबवून “पुढे काय होईल?” असं विचारतं आणि संपल्यावर “आपल्याकडे असं कुठे दिसतं?” हे शोधतं. पावसाचा व्हिडिओ पाहिला की कुकरच्या झाकणाखालचे थेंब बघायचे. दातांचा पाहिला की आजीची कवळी! वेळेचंही भान हवंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास, तोही कमी तितका बरा.

मी व्हिडिओंच्या विरोधात नाही. बडोद्याच्या मे महिन्यातल्या उकाड्यात मी भाच्याला अंटार्क्टिकाचा बर्फ दुसरा कसा दाखवला असता? पण पेंग्विन दूर आहे म्हणून त्याच्यासाठी व्हिडिओ लागतो. आई तर पलीकडच्या खोलीत असते.

‘माझी आई’ पुन्हा लिहू द्या, असं मी कळवलं. चित्रं झाली होती, त्यामुळे फक्त शेवटचं वाक्य बदलता आलं. आधी तिथे ‘आई, तू जगात सर्वांत छान आहेस’ असं होतं. आता आहे, ‘तुझी आई दिवसभर काय करते? जा, तिलाच विचार.’

तुमच्या घरी तो व्हिडिओ लागो न लागो, हा प्रश्न आज मुलांना नक्की द्या. आणि जमलं तर तुमच्या आईला तुम्हीही विचारा. मी माझ्या आईला विचारलं. शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गात तिचे हात थरथरत होते, हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं.