गोळी, माती आणि सँडपेपर

क्रिकेटमध्ये चेंडू कुरतडणारे दोन प्रकारचे असतात. एक 'ते' आणि एक 'आपले'. ते जे करतात ती लबाडी, चीटिंग, खेळाला काळिमा वगैरे वगैरे. आपले जे करतात तो गैरसमज. आपला माणूस शिवणीत अडकलेलं गवत काढत असतो, घसा बसलाय म्हणून तोंडात गोळी असते, आणि मॅच रेफ्री हा जन्मतःच आपल्या वाईटावर टपलेला असतो.

हे फक्त भारतीय पब्लिकचं नाही हं. जगात जिथे जिथे क्रिकेट खेळतात तिथे हेच चालतं. म्हणून आज जरा हिशोब मांडून बघूया म्हटलं. शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे, आणि हा विषय गेला आठवडाभर माझ्या डोक्यात घोळतोय. का घोळतोय ते पुढे येईलच.

सगळ्यात गाजलेल्या केसपासून सुरुवात करू. मार्च २०१८, केप टाउन टेस्टचा तिसरा दिवस. ऑस्ट्रेलियाचा कॅमेरॉन बॅनक्रॉफ्ट खिशातून काहीतरी पिवळं काढून चेंडूवर घासताना कॅमेऱ्यात सापडला. मग ते घाईघाईने पँटमध्ये कोंबतानाही सापडला. आधी सांगितलं की ती चिकटपट्टी होती आणि तिला माती लागली होती. नंतर कळलं की सरळसरळ सँडपेपर होता. आम्ही तेव्हा थर्ड इयरला होतो. मेसच्या टीव्हीसमोर जो काही जल्लोष झाला तो मी विसरणार नाही. भारत मॅचमध्ये नव्हताच, पण आपण वर्ल्डकप जिंकल्यासारखी पोरं नाचत होती. ऑस्ट्रेलियन कॅप्टन रंगेहाथ सापडला यापेक्षा मोठं सुख काय!

आता शिक्षा बघा. आयसीसीने स्टीव्ह स्मिथला एका टेस्टची बंदी आणि पूर्ण मॅच फीचा दंड केला. बॅनक्रॉफ्टला ७५ टक्के मॅच फीचा दंड. त्या वेळच्या नियमात तेवढंच बसत होतं. पण ऑस्ट्रेलियात असा काही गदारोळ झाला, खुद्द पंतप्रधान टर्नबुल बोलले, की त्यांच्या बोर्डाने स्मिथ आणि वॉर्नरला बारा-बारा महिने आणि बॅनक्रॉफ्टला नऊ महिने घरी बसवलं. वॉर्नरला तर कॅप्टनशिपसाठी आजन्म बंदी (ती पुढे २०२४ मध्ये उठवली). स्मिथ सिडनीच्या विमानतळावर ढसाढसा रडला.

ठीक आहे, चुकले, शिक्षा झाली. पण आता जरा मागे जाऊ.

नोव्हेंबर २०१६, होबार्ट. दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन फाफ डू प्लेसी तोंडात मिंटची गोळी ठेवून त्या थुंकीने चेंडू चमकवताना दिसला. दंड झाला, मॅच फी गेली, बंदी नाही. याच फाफला २०१३ मध्ये दुबईत चेंडू पँटच्या झिपवर घासला म्हणून दंड झाला होता. म्हणजे दुसरी वेळ! तरी त्याची अख्खी टीम त्याच्या पाठीशी उभी राहिली, आणि हाशिम आमलाने तर हा सगळा प्रकार म्हणजे विनोद आहे असं सांगून टाकलं. पुढच्याच टेस्टमध्ये ॲडलेडच्या प्रेक्षकांनी फाफची हुर्यो उडवली आणि त्याने नाबाद ११८ ठोकले. आणि तेव्हा, आमच्या टीममधल्या कुणी असं केलं तर मला फार वाईट वाटेल, असं म्हणणारा माणूस कोण होता माहितीये? डेव्हिड वॉर्नर. नियतीला पण विनोदबुद्धी असते.

आता 'आपले'. जानेवारी २००४, ब्रिस्बेन, झिम्बाब्वेविरुद्धची वनडे. तोंडातली चघळायची गोळी चेंडूला लावली म्हणून निम्मी मॅच फी कापली गेली ती कुणाची? राहुल द्रविडची. हो, तोच. भिंत. सभ्य माणसांच्या यादीत ज्याचं नाव पहिलं टाकतात तो. हा किस्सा मी ऑफिसमध्ये दहा जणांना सांगितला तर सात जणांना माहितीच नव्हता, आणि उरलेल्या तिघांनी एका सुरात सांगितलं की "ते चुकून झालं असणार". असेल बुवा. मलाही तसंच वाटतं. पण फाफच्या बाबतीत हे "चुकून झालं असणार" आपल्या मनात का येत नाही?

२००१ ची गोष्ट तर विचारूच नका. पोर्ट एलिझाबेथ टेस्टमध्ये मॅच रेफ्री माइक डेनेसने सचिनला एका टेस्टची स्थगित बंदी आणि दंड सुनावला. अधिकृत कारण होतं, अंपायरला न सांगता चेंडू साफ केला. जास्त अपील केल्याबद्दल सेहवागला खरोखरची एका टेस्टची बंदी, आणि अजून चौघांना काही ना काही. देशभर आग लागली. पुतळे जाळले, संसदेत विषय निघाला, आणि शेवटी डेनेसला पुढच्या टेस्टमधून बाहेर ठेवून ती मॅच खेळवली गेली. आयसीसीने तिचा टेस्टचा दर्जाच काढून घेतला. मी तेव्हा बालवाडीत होतो, त्यामुळे मला काही आठवत नाही, पण आमच्या घरी 'डेनेस' हा शब्द अजूनही शिवीसारखा वापरला जातो. सोसायटीच्या चेअरमनने पार्किंगवरून पत्र पाठवलं की बाबा म्हणतात, "आला डेनेस!"

मागच्या दिवाळीत मी बाबांना म्हटलं, "पण बाबा, नियमात लिहिलंय की चिखल काढायचा तर अंपायरसमोर काढायचा. सचिनने विचारायला हवं होतं ना?" बाबांनी चकलीचा तुकडा तसाच हातात धरून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी जानवं तोडून अमेरिकेला पळून चाललोय. "तू कुणाबद्दल बोलतोयस कळतंय का तुला?" संपला विषय. आणि खरं सांगायचं तर शिक्षा प्रमाणाबाहेर होती असं मलाही वाटतं. पण बाबांचा युक्तिवाद प्रमाणाबद्दल नव्हताच. तो माणसाबद्दल होता.

इंग्लंडवाले तर या खेळात आपले बाप. १९९२ मध्ये वसीम आणि वकारने रिव्हर्स स्विंगवर इंग्लंडची दाणादाण उडवली तेव्हा तिथल्या पेपरांनी पाकिस्तानला चोर ठरवलं. दोनच वर्षांनी लॉर्ड्सवर इंग्लंडचाच कॅप्टन माइक आथर्टन खिशातली माती चेंडूला लावताना टीव्हीवर दिसला. हात कोरडे ठेवायला माती होती म्हणे. इंग्लंडच्याच व्यवस्थापनाने २००० पौंड दंड केला, कॅप्टनशिप शाबूत. २००५ च्या ॲशेसमध्ये इंग्लंडच्या बॉलर्सनी रिव्हर्स स्विंग केला तेव्हा ती कला झाली होती. त्या सिरीजमध्ये मिंटच्या गोळ्या खाऊन चेंडू चमकवायचं काम आपल्याकडे होतं, हे मार्कस ट्रेस्कोथिकने २००८ मध्ये आत्मचरित्रात स्वतःच लिहून टाकलं. काय झालं? काही नाही. आणि मधल्या काळात, ऑगस्ट २००६ मध्ये, ओव्हलवर पाकिस्तानला पाच पेनल्टी रन लावले, इंझमामने निषेध म्हणून टीम वेळेवर मैदानात आणली नाही, मॅच इंग्लंडला बहाल झाली. पुढे सुनावणीत चेंडू कुरतडल्याचा आरोप सिद्धच झाला नाही. मैदानात न उतरल्याबद्दल मात्र इंझमामला चार वनडेची बंदी.

तुम्ही म्हणाल, अरे पण गोळी आणि सँडपेपर एकच कसं? बरोबर आहे. माझ्यातल्या इंजिनियरला पण हा प्रश्न पडला. चेंडूची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खडबडीत झाली की हवा दोन्ही बाजूंनी वेगवेगळी सुटते आणि चेंडू वळतो. गोळीवाला गुळगुळीत बाजू अजून गुळगुळीत करतो, सँडपेपरवाला खडबडीत बाजू अजून खडबडीत करतो. फरक वाढवणं हेच दोघांचं काम. नियम ४१.३ सुद्धा हेच सांगतो की चेंडू कपड्याला घासून चमकवा, पण बाहेरचा पदार्थ वापरायचा नाही. म्हणजे नियमाच्या दृष्टीने दोघं एकाच कलमातले आरोपी.

तरीही मी सँडपेपरला जास्त शिक्षा द्यायच्या बाजूचा आहे. गोळी तोंडात असू शकते. सँडपेपर कुणी चुकून खिशात टाकून फील्डिंगला जात नाही. तिथे ठरवून केलेला प्लॅन असतो. तेव्हा शिक्षेत उतरंड असायला माझी हरकत नाही. (आयसीसीने २०१८ मध्येच नियम कडक करून सहा टेस्टपर्यंत बंदीची सोय केली, ते बरंच झालं.) माझी हरकत एवढीच आहे की ही उतरंड कृत्य बघून ठरावी, चेहरा बघून नाही.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती गोष्ट. या अख्ख्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त सतावतो तो बॅनक्रॉफ्ट. त्याची ती आठवी टेस्ट होती. स्मिथने पत्रकारांना सांगितलं की हे 'लीडरशिप ग्रुप'ने ठरवलं. म्हणजे ठरवलं मोठ्यांनी, आणि भर मैदानात तीसेक कॅमेऱ्यांसमोर हात काळे करायला पाठवलं कुणाला, तर टीममधल्या सगळ्यात नव्या पोराला. स्मिथ परत आला, २०१९ च्या ॲशेसमध्ये ७७४ रन केले, पुन्हा कॅप्टनशिपही केली. त्याआधी वर्ल्डकपमध्ये आपलं पब्लिक स्मिथची हुर्यो उडवत होतं तेव्हा कोहलीने हातवारे करून टाळ्या वाजवायला सांगितलं, तेव्हा मला कोहलीबद्दल खरंच आदर वाटला. वॉर्नरही परत येऊन खूप खेळला. बॅनक्रॉफ्टला मात्र २०१९ मध्ये दोन टेस्ट मिळाल्या, त्यानंतर एकही नाही. त्याने रन केले नाहीत हे खरंच, पण त्याचं नाव काढलं की लोकांना फक्त ते पिवळं चिटोरं आठवतं.

माझ्या आधीच्या कंपनीत (नाव जाऊ दे) असाच एक बॅनक्रॉफ्ट होता. माझ्या शेजारच्या टीममध्ये, कॉलेजमधून नुकताच आलेला, लातूरकडचा पोरगा. रिलीजच्या आदल्या रात्री त्याच्या लीडने सांगितलं, "उरलेल्या टेस्ट केसेस पास मार्क करून टाक, नंतर बघू." तोंडी सांगितलं बरं का, मेलवर नाही. पोराने केलं. आठवड्याभरात क्लायंटकडे सिस्टीम आडवी झाली, चौकशी लागली, आणि शीटमध्ये प्रत्येक खोट्या 'पास'समोर नाव कुणाचं? ज्याच्या लॉगिनने भरलं त्याचं. त्याला राजीनामा द्यायला सांगितलं. नंतरच्या मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी प्रामाणिकपणा, झीरो टॉलरन्स यावर वीस मिनिटं भाषण दिलं. पहिल्या रांगेत तो लीड मान डोलवत बसला होता. सहा महिन्यांनी तो ऑनसाइट गेला. 'क्रिटिकल रिसोर्स' होता ना!

आणि कँटीनमधलं पब्लिक काय म्हणत होतं? "पोरगा मूर्ख होता रे. एवढं कळायला नको?" ज्या लोकांनी स्मिथला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या, तीच ही लोकं. टीव्हीवरच्या कॅप्टनला शिव्या घालायला काही लागत नाही. आपल्या मजल्यावरच्या कॅप्टनचं नाव घ्यायला बरंच काही लागतं.

या एप्रिलपासून मी लीड आहे. पाच जणांची टीम, त्यात दोन फ्रेशर. म्हणजे आता मीच लीडरशिप ग्रुप. बुधवारी मॅनेजरचा फोन आला. रिलीजची तारीख हलणार नाही, क्लायंट ऐकत नाहीये. मी म्हटलं, "सर, १४० पैकी ६२ केसेस अजून रन झालेल्या नाहीत." ते म्हणाले, "बघ ना, काहीतरी ॲडजस्ट कर. पोरं आहेत ना तुझ्याकडे?"

त्या वाक्यानंतर सगळ्यात आधी काय आठवलं असेल तर ते पिवळं चिटोरं.

मी दोन्ही पोरांना सांगून ठेवलंय की जी केस रन केली नाही तिच्यापुढे 'रन केली नाही' असंच लिहायचं, आणि कुणीही, अगदी मीसुद्धा, तोंडी काही वेगळं सांगितलं तर "सर, मेल करा" म्हणायचं. शुक्रवारी संध्याकाळी मी ६२ चा आकडा लिहून मॅनेजरला मेल टाकला, त्यांच्या साहेबांना कॉपी करून. पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे. याचा परिणाम काय होईल ते मला बऱ्यापैकी माहितीये, फार हुरळून जाण्यासारखं काही नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "ईएमआय माहितीये ना किती आहे?" मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "बरं केलंस."

बाबांनाही फोनवर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅनेजरचं नाव काय रे?" मी सांगितलं. दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, "डेनेस आहे मेला."

आता बाबांना कोण सांगणार, की या गोष्टीत डेनेस मी आहे. असो. सोमवारी उत्तर येईल.