आयर्विनला किती फूट?

इंग्लंडातील उमराव आपल्या ग्रामीण हवेलीभोवतीच्या विस्तीर्ण उद्यानात दगडी पूल बांधीत, ते पैलतीर गाठण्याच्या निकडीपेक्षा दृष्टिसुखासाठीच अधिक. विल्टनचा १७३७ सालचा स्तंभमंडित पूल हे या हौसेचे विख्यात उदाहरण. सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या मुलखात कृष्णेवर दगडी कमानींचा पूल उभारला, तो मात्र पावसाळ्यात नदी फुगली की नावाड्याच्या मर्जीवर आणि दैवावर हवाला ठेवून सांगलवाडीचा काठ गाठणाऱ्या रयतेसाठी. १९२९ साली त्याचे उद्घाटन करणारे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन हे स्वतः यॉर्कशायरमधील गॅरोबी येथील जमीनदार, तेव्हा शोभेचे पूल त्यांना काही नवखे नसावेत. पुलाला पाहुण्याचे नाव मिळाले आणि खजिना रिता करणारे यजमान नामफलकावरून दूर राहिले, यात दरबारी आर्जव उघडच आहे. तथापि आर्जवापोटी का होईना, काम चोख झाले, हेही मान्य केले पाहिजे.

८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. त्याचा मुलूख पुढच्याच वर्षी नव्या दक्षिण सातारा जिल्ह्याच्या दप्तरी दाखल झाला, आणि १९६० साली त्या जिल्ह्यालाच सांगली हे नाव मिळाले. एवढ्या उलथापालथीत पुलाकडे मात्र एक नवीच कामगिरी चालत आली. महाबळेश्वराच्या डोंगरात आणि कोयनेच्या खोऱ्यात कोसळलेला पाऊस कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर एकवटून खाली येतो, आणि सांगलीपुढे हरिपुरास वारणाही भरून वाहत असली म्हणजे त्याचा निचरा मंदावतो. अशा वेळी साऱ्या शहराचा जीव या पुलाजवळच्या मोजपट्टीवर टांगलेला असतो. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टात पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेले. अलीकडे शेजारी समांतर पूल झाला, वाहतुकीचा भार वाटला गेला, परंतु पुराची विचारपूस जुन्याच्याच नावाने होते.

साम्राज्याचा प्रतिनिधी ज्या थाटाने येथे आला, त्याचा मागमूस आज गावात नाही, आणि त्याची हळहळ वाटण्याचेही कारण नाही. नदीकाठचा दुकानदार ‘आयर्विनला अडतीस झाले’ एवढे ऐकतो आणि खालच्या फळीवरची पोती माडीवर चढवू लागतो.