हळदीची पारख आणि समुद्रासाठीची खरेदी

कृष्णाकाठच्या पोराला पोहणे शिकवावे लागत नाही, असे सांगलीत पूर्वी मोठ्या अभिमानाने सांगितले जाई. पाठीला पत्र्याचा डबा किंवा सुका भोपळा, कमरेला दोर आणि घाटावरून कोणा काकांनी दिलेला धक्का, एवढ्या भांडवलावर कित्येक पिढ्या पाण्यात उतरल्या. ज्यांचे बालपण आयर्विन पुलाखाली पोहण्यात गेले, त्यांना पायांत रबरी फिन्स आणि तोंडात श्वासाची नळी हा सारा प्रकार काहीसा पोरकट वाटतो. परंतु नदीतले पोहणे हे अंतर कापण्याचे पोहणे असते. मालवणच्या समुद्रात स्नॉर्कलिंग करणाऱ्याला कोठेच जायचे नसते. तो पालथा तरंगत राहतो आणि खालचे जग पाहतो. मान वर न काढता श्वास घेता यावा म्हणून स्नॉर्कल, आणि हातपाय न झाडता शरीर आवरता यावे म्हणून फिन्स. हा भेद ध्यानात आला की खरेदीतला निम्मा गोंधळ सरतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबाला हा भेद अनुभवातून कळला. आदल्या वर्षी ही मंडळी मालवणला गेली होती. तेरा वर्षांच्या मुलाला भाड्याचे साहित्य मिळाले. नळीच्या तोंडाशी दातांत धरायचा रबरी भाग झिजून गेलेला, आणि फिन्स दोन माप मोठे. पाण्यात उतरताच एक फिन पायातून निसटला, मुलगा बावरला, नळीतून खारे पाणी घशात गेले. त्याने नावेची दोरी धरली ती सोडलीच नाही. कोणाला इजा झाली नाही. पण घरी परतल्यावर तो पोहण्याच्या तलावाकडेही फिरकेना. ही गोष्ट त्याच्या आईच्या मनात सलत राहिली. पुढल्या जानेवारीत साताऱ्याच्या मामांसह पुन्हा मालवणला जायचे ठरले, तेव्हा तिने एकच अट घातली: साहित्य स्वतःचे असावे.

अण्णांनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, लगेच हिशेब मांडला. वर्षातून दोन दिवसांचा वापर, साहित्याचे भाडे फेरीच्या पैशांत आलेलेच, आणि मुलाचा पाय दर सहा महिन्यांनी वाढतो. असल्या वस्तूवर घसारा काढायचा म्हटले तर पहिल्याच वर्षी ती निकालात निघावी. हिशेबात चूक नव्हती. वाद मिटवला तो आजींच्या एका प्रश्नाने. “म्हणजे ती नळी आधी दुसऱ्या कोणाच्या तोंडात होती?” ज्या घरात लोट्यालाही ओठ न लावता वरून पाणी पितात, तेथे या प्रश्नानंतर नळीच्या भाड्याचा विषय उरला नाही. आजींना आरोग्यशास्त्र ठाऊक नसेल, पण खरेदीचा क्रम त्यांनी बिनचूक लावला. जे तोंडात जाते ते स्वतःचे हवे. चेहऱ्याला घट्ट बसायचा मास्क शक्यतो स्वतःचा हवा. फिन्स मात्र मापाचे मिळत असतील तर भाड्यानेही चालतात. अण्णांनी मुलासाठी तिन्ही मिळून तीन हजारांची मर्यादा घातली.

मुलाचे मन जडले होते ते संपूर्ण चेहरा झाकणाऱ्या मास्कवर. त्यात नळी डोक्यावर जोडलेली असते, नाकाने श्वास घेता येतो आणि तो दिसतोही अंतराळवीरासारखा. मामांनी त्याला नकार दिला, आणि तो योग्यच होता. अशा मास्कमध्ये हवेची पोकळी मोठी असते. झडपा नीट चालत नसतील तर उच्छ्वासाची हवा आतच फिरते. शिवाय घाबरलेल्या माणसाला साधी नळी तोंडातून क्षणात थुंकून टाकता येते, पट्ट्यांनी डोक्याला आवळलेला मास्क तसा निघत नाही. ज्या मुलाला एकदा पाण्यात धसका बसला आहे, त्याच्यासाठी हा मुद्दा निर्णायक होता.

मग मुलाने दुसरी शंका काढली. नळी लांब घेतली तर अधिक खोल जाता येईल की नाही? सिनेमात वेताची नळी तोंडात धरून तळाशी लपलेली माणसे सर्वांनीच पाहिलेली असतात. प्रत्यक्षात एक मीटर खोलीवर पाण्याचा भार छातीच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे 100 ग्रॅमने वाढतो, आणि तो उचलून हवा आत ओढणे छातीच्या स्नायूंना झेपत नाही. दुसरी अडचण नळीतल्या शिळ्या हवेची. सुमारे 40 सेंटीमीटर लांब आणि दोन सेंटीमीटर रुंद नळीत सव्वाशे मिलिलिटर हवा मावते. शांतपणे घेतलेला मोठ्या माणसाचा श्वास अर्ध्या लिटरच्या आसपास असतो. म्हणजे प्रत्येक श्वासाचा चौथा हिस्सा आधी सोडलेल्या हवेचाच. मुलाचा श्वास त्याहून लहान. म्हणून नळी 40 सेंटीमीटरच्या आतच असावी, मुलांसाठी मुलांच्या मापाचीच घ्यावी, आणि श्वास सावकाश व खोल घ्यावा. ॲरिस्टॉटलने हत्तीच्या सोंडेला पाणबुड्यांच्या श्वासनळीची उपमा दिली होती. ती उपमा सुंदर असली तरी हत्तीच्या छातीचे बळ माणसाजवळ नाही.

खरेदीसाठी मामा आणि मुलगा पुण्याच्या एका मोठ्या क्रीडासाहित्याच्या दालनात गेले. अण्णाही आपले काम काढून बरोबर आले. दालनात तीन प्रकारच्या नळ्या होत्या. अगदी साधी, टोक उघडे असलेली. टोकाला लाटेचे शिंतोडे अडवणारी टोपी असलेली. आणि बुडताच आपोआप बंद होणारी, तरंगत्या झडपेची. तिसरी सर्वांत महाग. परंतु वाळू किंवा मिठाने ती झडप अडकली तर ऐन वेळी हवाच बंद होते. मुलासाठी मधली निवडली. तिच्या तळाशी एकमार्गी झडप होती. त्यामुळे आत आलेले पाणी जोराच्या फुंकरीने खालून बाहेर जाते. तोंडातला भाग सिलिकॉनचा होता. साधे प्लास्टिक स्वस्त खरे, पण तासाभरात हिरड्यांना बोचू लागते. मामांनी स्वतःसाठी साधीच नळी घेतली. जिच्यात बिघडण्याजोगे काही नाही, ती त्यांना पटली.

मास्कची परीक्षा सोपी. पट्टी न लावता तो चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हलकेच हवा आत ओढायची. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर. मुलाच्या चेहऱ्यावर दुसराच मास्क बसला. मामांच्या चेहऱ्यावर एकही बसेना. साताऱ्याच्या त्या भरघोस मिशा आड येत होत्या, कारण केसांखालून हवा शिरते आणि पुढे पाणीही शिरणार. “दाजी, हा खर्च तुमच्या यादीत नव्हता,” असे म्हणत मामांनी मिशीची वरची कड भादरून घेण्याचे कबूल केले.

फिन्सपाशी मात्र अण्णांमधला व्यापारी जागा झाला. हळकुंड मोडून त्याचा आवाज ऐकणारा आणि आतला रंग पाहणारा हात रबराच्या बाबतीतही फसत नाही. त्यांनी प्रत्येक पाते वाकवून सोडले. जे झटकन सरळ झाले ते बाजूला काढले, जे वाकलेलेच राहू पाहत होते ते परत ठेवले. विक्रेता लांब पात्याची, भपकेबाज जोडी पुढे करीत होता. लांब पाते श्वास रोखून खोल जाणाऱ्यांचे. नवशिक्याच्या पोटऱ्यांत ते गोळे आणते. फ्रेंच नौदल अधिकारी लुई द कॉर्लिए यांनी 1933 साली फिन्सचे पेटंट घेतले तेव्हापासून त्यांचे शेकडो आकार निघाले, पण हौशी माणसाला आखूड, मध्यम लवचीक पाते पुरते.

खरा प्रश्न मापाचा. आपल्या चपलांवर सहा, सात, आठ असे आकडे असतात, तर फिन्सवर अडतीस, चाळीस, बेचाळीस. घरबसल्या मागवणाऱ्यांची फसगत येथेच होते. पाऊल संध्याकाळी, थोडे फुगलेले असताना, कागदावर आखून सेंटीमीटरमध्ये मोजावे. बूटासारखा बंद टाचेचा फिन पायाला अधिक घट्ट बसतो आणि उबदार पाण्यात अनवाणी चालतो. मामांनी तसाच घेतला. पाय उचलून झटकून पाहिला, टाच हलली नाही, बोटे दुमडली नाहीत. मुलासाठी मागे पट्टी असलेला, तीन-चार मापांत सामावणारा प्रकार घेतला. त्याची पकड किंचित कमी, पण वाढत्या पायाला तो आणखी दोन वर्षे पुरेल आणि नंतर धाकट्या बहिणीला येईल. अण्णांचा घसारा येथे आटोक्यात आला. तिन्ही वस्तू मर्यादेत बसल्या.

सराव कृष्णेत करण्याचा बेत मुलाच्या आईनेच मोडून काढला. भिलवडी-औदुंबर भागातल्या मगरींच्या बातम्या कोण विसरेल? पंधरवडाभर तलावात उथळ बाजूला सराव झाला. पहिले तीन दिवस मुलगा नुसता काठाला धरून, तोंड पाण्यात घालून नळीने श्वास घेत राहिला. मामांनी घाई केली नाही. चौथ्या दिवशी त्याने काठ सोडला. गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे पाय हलवण्याची खोड जायला आणखी आठवडा लागला. फिन्स कमरेपासून, सावकाश हलवायचे असतात.

आजींचा एक प्रश्न अजून बाकी होता. त्या दगडांवर पोवळ्याचे जीव असतात, त्यांना हे पंख लागणार नाहीत ना? मालवणचा हा परिसर 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला असून त्याचे क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यातील प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. जीवविचारात प्रवाळाची गणना पृथ्वीकायात होते, प्राणिशास्त्र त्याला सूक्ष्म प्राण्यांची वसाहत मानते. फिन मारणाऱ्याने दोन्ही मतांचा मान सारखाच राखायला हवा. पात्याच्या एका फटक्याने वर्षानुवर्षांची वाढ मोडते, आणि उडालेला गाळ प्रवाळावर बसून त्याला गुदमरवतो. आखूड पाते घेण्याचे हे आणखी एक कारण. उथळ जागी पाय थांबवून नुसते तरंगावे, खडकावर उभे तर कधीच राहू नये, हे मुलाने आजींसमोर कबूल केले.

जानेवारीतल्या एका सकाळी किल्ल्याजवळ तो जॅकेट घालून मामांच्या शेजारी पाण्यात उतरला. एकदा लाट नळीवरून गेली. त्याने मान वर काढली नाही; एक जोराची फुंकर मारली आणि तो पुन्हा खाली पाहू लागला. नावेतून आईने हे पाहिले. पाणी अंदमानसारखे नितळ नव्हते, पण पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे त्याने मोजून सांगितले.

परतल्यावर सारे साहित्य गोड्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवले. फिन्स उभे ठेवले तर पाते वाकते, म्हणून अण्णांनी ते गोदामाच्या थंड बाजूला आडवे ठेवायला लावले. नळीवर आजींच्या सांगण्यावरून मुलाच्या नावाची चिकटपट्टी लावली आहे.