शारजातले तिखले

आपल्या ग्रंथालयात प्रवासवर्णनांचे एक कपाट आहे. त्यातले लेखक परदेशी जातात, तिथल्या हॉटेलांतले पदार्थ चाखतात, आठवड्याभराने वरणभातासाठी हळहळतात आणि घरी परततात. वाचायला मोठी मजा येते. पण आमच्या मसुऱ्यातून परदेशी जाणाऱ्या माणसांची तऱ्हा निराळी. त्यांना तिथे वर्षानुवर्षे जेवायचे असते, आणि तेही घरी पैसे पाठवून उरतील तेवढ्यात! त्यांच्या ताटाविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

पोटासाठी गाव सोडण्याची आमच्या घरची रीत जुनीच. आजोबा मुंबईला गिरणीत होते. ते गिरणगावातल्या एका खानावळीत जेवत. खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. चाळीतल्या आपल्या खोलीत एखादी बाई दहावीस कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घाली. अशाच बायांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. तात्पर्य, चाकरमानी मुंबईला गेला तरी बाईच्या हातची आमटी त्याला तिथेही मिळत होती. १९८२ च्या संपानंतर आजोबा गावी परतले. इकडे १९७३ पासून तेलाचे भाव चढून आखातात बांधकामांना ऊत आला होता. पुढच्या पिढीची वाट तिकडे वळली. मी तिसरीत असताना बाबा शारजाला गेले.

शारजात खानावळवाली बाई नव्हती. एका खोलीत सहा पुरुष, एक शेगडी आणि स्वयंपाकाची पाळी! आमच्या घरी पुरुष चुलीपाशी जाई तो फार तर विडी पेटवायला. सुरुवातीचे महिने बाबांनी कुबूस आणि डाळ यांवर काढले. कुबूस म्हणजे अरबी रोटी. स्वस्त आणि पोटाला आधार देणारी. हॉटेलात जेवणे फक्त पगाराच्या दिवशी, तेही एखाद्या केरळी हॉटेलात मासळी-भात. हिशेबात मी कच्ची आहे. तरी त्या टाळलेल्या जेवणांतूनच माझी महाविद्यालयाची फी भरली जाते, एवढे गणित मला येते. आमच्या घरातून ही पायरी चढणारी मी पहिलीच.

मग एके रात्री फोन आला. आमच्याकडे साडेनऊ म्हणजे त्यांच्याकडे आठ. बाजारात बांगडे मिळाले होते, पाळी बाबांची होती. तिखले कसे करायचे? आई गप्पच झाली. लग्न झाल्यापासून ती तिखले करीत होती, पण ते कसे करतात हे तिला आजवर कोणी विचारलेच नव्हते! शेवटी म्हणाली, "ता सांगूक येना नाय. हाताक कळता."

"पाणी किती घालू?"

"लागात तेवढा."

हे फोनवरून कसे चालावे? तेव्हापासून आई करी आणि मी शेजारी वही घेऊन बसे. तिची मूठ मी वाटीत मोजून घेई. ओले खोबरे, सुक्या मिरच्या, धणे, हळद यांचे वाटण. तिरफळे ठेचून, आतली काळी बी टाकून. कोकमाची सोले शेवटी. आणि बांगडे सोडल्यावर पळी घालायची नाही, भांडे धरून हलवायचे. रात्री ते मी फोनवर वाचून दाखवी. आई चौथीपर्यंत शिकलेली. आपल्या हातातले कागदावर उतरते, हे तिला नवल वाटे. मला विचाराल तर माझे निबंधलेखन त्या वहीतच सुरू झाले.

वहीबरोबर भूगोलही शिकले. आपल्या सुरमईला तिकडे कनाद म्हणतात. समुद्र तोच, नाव वेगळे. तिरफळ इथून न्यावे लागते. पण चिनी स्वयंपाकात जीभ बधिर करणारी जी मिरी वापरतात, ती त्याच कुळातली. मालवणी मसाल्यात खसखस हवीच. पण त्या देशात खसखस नेण्यास कायद्याने बंदी आहे. म्हणून मे महिन्यात मसाला करताना बाबांचा डबा आधी, खसखशीवाचून, मग घरचा. आई कुरकुरली, "खसखशीशिवाय तो मसालो कसलो?" पण ज्या मिरचीवाचून आपला मसाला होत नाही, ती तरी पोर्तुगीजांनीच समुद्रापलीकडून आणलेली. चव प्रवासात थोडे टाकते, थोडे उचलते.

बाबा गेल्या वर्षी सुट्टीवर आले आणि थेट चुलीपुढे बसले. शेजारच्या काकी पदर तोंडाला लावून हसल्या. आजीलाही ते रुचले नव्हते. बाबांनी केलेले तिखले आईने पहिल्यांदाच चाखले. आजवर तिने ते फोनवर नुसते ऐकले होते. म्हणाली, "तिरफळा दोन ज्यास्त झाली." आणि भात पुन्हा वाढून घेतला.

आम्ही मुली शिकलो की घर बदलते, असे भाषणांतून ऐकतो. ते खरे आहेच. पण आमच्या घरात पुरुषाला स्वयंपाक आणि बाईला शब्द दिले ते त्या सहाजणांच्या खोलीने, गरजेपोटी. त्याची किंमतही आहे. दहा वर्षांत बाबा आमच्या पंगतीला किती दिवस बसले, ते बोटांच्या पेरांवर मोजता येईल. तिखले शारजात पोचले. ताट मात्र दोन ठिकाणीच राहिले.

परवा आमच्या वाडीतला एक मुलगा वही मागायला आला. त्याचा व्हिसा आला आहे, दुबईचा. मी उतरवून देते म्हटले. आईने त्याला आधी विचारले, "भात तरी येता मा रे?" तो लाजून मान हलवून "नाय" म्हणाला. आईने त्याला तिथेच बसवले आणि तांदूळ निवडायला दिले.